तिकीट एडिंबरोचं, उतरायचंय यॉर्कला: परदेशातल्या रेल्वेत हे चालतं का?

नाशिकच्या एका जोडप्याने विचारलं आहे. जूनमध्ये ते ब्रिटनला जात आहेत. लंडन ते एडिंबरो अशी ‘ॲडव्हान्स’ (ठरावीक गाडीपुरती, स्वस्त) तिकिटं त्यांनी आधीच काढून ठेवली आहेत. मुलगी लीड्सला शिकते. आता बेत असा आहे की वाटेत यॉर्कला उतरायचं, एक रात्र मुलीकडे राहायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच तिकिटावर एडिंबरो गाठायचं. ‘पूर्ण अंतराचे पैसे भरलेत, मग मध्येच उतरलो तर रेल्वेचं काय बिघडतं?’ हा त्यांचा प्रश्न.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. या तिकिटावर यॉर्कला उतरता येणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याच तिकिटावर पुढे जाणं तर अजिबातच जमणार नाही.

मराठी कुटुंबांच्या परदेशातल्या रेल्वेप्रवासाची आखणी करून देणं हे माझं रोजचं काम. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सारखा येतो, आणि तो का येतो हेही मला समजतं. आपल्याकडे तिकीट सीएसएमटीपर्यंतचं असतं आणि माणूस कल्याणला, ठाण्याला नाहीतर दादरला उतरून घरी जातो. टीसी चकार शब्द काढत नाही. आपल्या रेल्वेत प्रवास खंडित करण्याचा रीतसर नियमही आहे: तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा लांबचं असेल तर एकदा, १००० किलोमीटरपेक्षा लांबचं असेल तर दोनदा मध्ये थांबता येतं, फक्त पहिला थांबा ५०० किलोमीटर झाल्यावर घ्यायचा. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना ही सोय नाही. आपलं भाडं अंतरावर ठरतं, त्यामुळे कमी प्रवास केला तर नुकसान आपलंच, रेल्वेचं नाही, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

ब्रिटनमध्ये भाडं अंतरावर ठरत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. ॲडव्हान्स तिकीट म्हणजे एका ठरावीक गाडीतली, ठरावीक दोन स्टेशनांमधली जागा. तिची किंमत त्या गाडीला किती मागणी आहे, त्या दोन शहरांमध्ये विमान किंवा दुसऱ्या कंपनीची गाडी स्पर्धेला आहे का, यावर ठरते. त्यामुळे लांबच्या शहराचं तिकीट मधल्या शहराच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडू शकतं. एडिंबरोला विमानं जातात, यॉर्कला जात नाहीत. मध्ये उतरायला मोकळीक दिली तर प्रत्येक जण लांबचं स्वस्त तिकीट काढून जवळच्या महागड्या स्टेशनवर उतरेल. ते होऊ नये म्हणून ‘नॅशनल रेल’च्या, म्हणजे तिथल्या रेल्वे कंपन्यांच्या सामाईक, प्रवास-अटींमध्ये ॲडव्हान्स तिकिटावर मध्ये उतरायला, मध्येच चढायला किंवा प्रवास खंडित करायला परवानगी नाही. मला हा नियम जाचक वाटतो. ज्याने लांबचे पैसे जास्तच भरले आहेत त्यालाही तो लागू होतो, हे न्याय्य नाही. पण नियम आहे, तो तिकीट काढताना आपण मान्य केलेला असतो, आणि तो पाळला जातो.

किती काटेकोरपणे पाळला जातो, ते २०१० मधल्या एका प्रकरणावरून कळतं. एका प्राध्यापकांकडे डरहॅमचं ॲडव्हान्स तिकीट होतं. ते एक स्टेशन आधी, डार्लिंग्टनला उतरले. बाहेर पडताना त्यांच्याकडून १५५ पाउंड मागितले गेले. वर्तमानपत्रांत त्यावर बरीच ओरड झाली, पण अट आजही आहे. मध्ये उतरलेलं सापडलं तर कर्मचारी तुमचं तिकीट त्या प्रवासाच्या मोकळ्या, म्हणजे एकाच गाडीला न बांधलेल्या, तिकिटाच्या दराला नेऊन फरक मागू शकतात, आणि मोकळी तिकिटं ॲडव्हान्सच्या कितीतरी पट महाग असतात.

मुलं लगेच विचारतात, ‘कळणार कसं?’ पुष्कळ मोठ्या स्टेशनांवर बाहेर पडताना स्वयंचलित फाटक असतं. तिकिटाचा कोड त्यावर धरायचा, मग दार उघडतं. एडिंबरोचं ॲडव्हान्स तिकीट मधल्या स्टेशनवर धरलं तर दार न उघडण्याचीच शक्यता जास्त. मग शेजारचा कर्मचारी तिकीट हातात घेऊन बघतो. जिथे फाटक नाही तिथे कुणी अडवणारही नाही, हे खरं. पण माझा सल्ला ठाम आहे: नको. विशेषतः तिथे शिकणाऱ्या मुलांनी तर नकोच. भाडं चुकवण्याच्या हेतूने प्रवास केला असं रेल्वेला वाटलं तर १८८९ च्या रेल्वे कायद्याखाली खटला भरता येतो, आणि दोष सिद्ध झाला तर तो गुन्हा म्हणून नोंदला जातो. पुढच्या व्हिसाच्या अर्जात गुन्ह्यांबद्दल विचारतात. मध्ये उतरलेल्या प्रत्येकावर खटला होत नाही, बहुतेक वेळा फरक भरून सुटका होते. पण चुकीचं नाव-पत्ता सांगणं, हुज्जत घालणं, पळ काढणं यातून साधी गोष्ट चिघळते. पकडलं गेलात तर शांतपणे खरं सांगा, पावती घ्या आणि मागणी जास्त वाटली तर नंतर लेखी तक्रार करा.

आता या जोडप्याने नेमकं काय करावं? ॲडव्हान्स तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. गाडी सुटायच्या आधी तारीख किंवा वेळ बदलून मिळते, भाड्यातला फरक भरावा लागतो, कधी बदलाचं शुल्कही लागतं. पण त्याने यॉर्कचा थांबा काही मिळत नाही. म्हणून माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग असा: हातातलं तिकीट आहे तसं ठेवा, सरळ एडिंबरोला जा आणि मुलीची भेट परतीच्या वाटेवर घ्या. परतीचं तिकीट अजून काढलेलं नसेल तर एडिंबरो ते लीड्स थेट गाडी मिळते, साधारण तीन तास लागतात. मुलीकडे दोन रात्री राहा, मग लीड्सहून लंडनच्या किंग्ज क्रॉसला थेट गाडी आहे, सव्वादोन तासांच्या आसपास. दोन स्वतंत्र ॲडव्हान्स तिकिटं काढायची. एक पैसाही वाया जात नाही, शिवाय यॉर्कला उतरून लीड्सची गाडी पकडण्याची धावपळही वाचते. मुलगी लीड्सलाच राहते, तर यॉर्कचा हट्ट कशाला? यॉर्कचं मिन्स्टर आणि तिथलं रेल्वे संग्रहालय बघायचं असेल तर लीड्सहून जेमतेम अर्ध्या तासाची गाडी आहे, मुलीबरोबर दिवसभर जाऊन या.

ज्यांनी अजून तिकिटं काढलेली नाहीत त्यांच्यासाठी सोपी गोष्ट: जिथे उतरायचं आहे तिथपर्यंतचंच तिकीट काढा आणि पुढचं वेगळं काढा. लंडन–यॉर्क एक, यॉर्क–एडिंबरो दुसरं. एकूण खर्च सलग तिकिटापेक्षा नेहमीच जास्त होतो असं नाही, कधीकधी कमीही होतो. दोघंच असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड काढा. त्यावर दोघांचे फोटो असतात, दोघांनी एकत्रच प्रवास करायचा आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधीच्या गाड्यांना ते चालत नाही. भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, लंडन–एडिंबरोसारख्या एका फेरीतच कार्डाचे पैसे बऱ्याचदा निघतात.

आणि ज्यांना खरोखर मनाला येईल तिथे उतरायचं आहे त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये ‘एनीटाइम’ (कोणत्याही वेळेचं) आणि ‘ऑफ-पीक’ (गर्दीची वेळ सोडून) ही मोकळी तिकिटं आहेत. त्यावर सहसा वाटेत उतरता येतं, जेवून, फिरून पुढची गाडी पकडता येते. ऑफ-पीक परतीच्या तिकिटाचा जाण्याचा भाग त्याच दिवसापुरता असतो, येण्याचा भाग साधारण महिनाभर चालतो आणि त्यात रात्रीचा मुक्कामही करता येतो. काही ऑफ-पीक तिकिटांवर मात्र मध्ये उतरायला बंदी असते, म्हणून तिकिटावरच्या निर्बंधाचा छोटा कोड नॅशनल रेलच्या संकेतस्थळावर टाकून बघावा. लंडन–एडिंबरो मार्गासाठी आणखी एक गोष्ट: या मार्गावर गाड्या चालवणाऱ्या एलएनईआर कंपनीने फेब्रुवारी २०२४ पासून लंडनहून न्यूकॅसल, बेरिक आणि एडिंबरोच्या प्रवासासाठी ‘सुपर ऑफ-पीक’ हे मोकळं तिकीट काढून टाकलं आणि त्या जागी ठरलेल्या गाडीच्या ७० मिनिटं आधी किंवा नंतर जाऊ देणारं तिकीट आणलं. म्हणजे जुन्या प्रवासवर्णनांत ‘वाटेत यॉर्कला उतरलो’ असं वाचून तोच बेत करू नका. भरपूर ठिकाणी चढ-उतार करायची असेल तर परदेशी पाहुण्यांसाठीचा ‘ब्रिटरेल’ पास बघा, तो आपल्याला मिळतो, तिथे राहणाऱ्यांना मिळत नाही.

बाकीच्या देशांत चित्र इतकं कडक नाही.

जर्मनीत डॉइच बान या तिथल्या रेल्वे कंपनीचं ‘सुपर स्पारप्राइस’ किंवा ‘स्पारप्राइस’ हे सवलतीचं तिकीट एका ठरावीक गाडीला बांधलेलं असतं. फ्रँकफर्टहून म्युनिकचं तिकीट असेल आणि तुम्ही न्युर्नबर्गला उतरून तिथेच राहिलात तर कुणी अडवत नाही, स्टेशनांवर फाटकंच नाहीत. पण संध्याकाळच्या गाडीने त्याच तिकिटावर म्युनिकला निघालात तर ते विनातिकीट धरलं जातं, आणि तिथे दंड किमान ६० युरो. यावर फार छान उपाय आहे आणि आपले लोक तो वापरत नाहीत. तिकीट शोधतानाच ‘मधला थांबा’ असा पर्याय असतो. तिथे न्युर्नबर्ग लिहायचं आणि किती तास थांबायचं ते भरायचं. स्वस्त तिकीटही मग त्या थांब्यासकट मिळतं, दोन्ही गाड्या त्यावर नोंदलेल्या असतात. आखणी करताना मी हे जवळजवळ प्रत्येक जर्मन प्रवासात करते. किल्ला बघायचा, न्युर्नबर्गचं जुनं शहर फिरायचं, सामान लॉकरमध्ये ठेवायचं आणि संध्याकाळी पुढे.

स्वित्झर्लंडमध्ये तर काळजीच नको. साधं पूर्ण भाड्याचं तिकीट त्या दिवसापुरतं असतं, दुसऱ्या पहाटे पाचपर्यंत चालतं आणि त्या मुदतीत वाटेत कितीही वेळा उतरा. झुरिकहून इंटरलाकेनला जाताना बर्नला उतरून नदीकाठी फिरा, थूनला उतरून तळं बघा. अट एकच: तिकिटावर जो मार्ग छापलाय त्याच मार्गावर. बर्नमार्गे छापलं असेल तर लुझर्नकडून जाता येत नाही. सवलतीचं ‘सुपरसेव्हर’ तिकीट मात्र त्या एकाच गाडीचं, त्यावर थांबे नाहीत. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

मला सगळ्यात मनापासून आवडते ती जपानची पद्धत, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी माहिती आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये परदेशी पर्यटकांच्या सात दिवसांच्या जेआर (जपान रेल्वे) पासची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली. तेव्हापासून टोकियो–क्योटो–हिरोशिमा असा एका दिशेचा प्रवास करणाऱ्यांना पास बहुधा परवडत नाही. त्यांच्यासाठी ही पद्धत आहे.

जपानमध्ये शिंकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, तिकीट खरं म्हणजे दोन तिकिटांचं मिळून होतं. एक मूळ भाड्याचं, त्याला ‘जोशाकेन’ म्हणतात. ते अंतरावर ठरतं. दुसरं जलद गाडीचं, ‘तोक्क्यूकेन’. ते त्या एका गाडीच्या एका प्रवासापुरतं. मूळ तिकीट १०० किलोमीटरपेक्षा लांबचं असेल तर पुढच्या दिशेने जाताना वाटेत पाहिजे तितक्या वेळा उतरता येतं. मागे फिरायचं नाही, इतकंच. मुदतही अंतरावर वाढते: १०० किलोमीटरपर्यंत १ दिवस, २०० पर्यंत २, ४०० पर्यंत ३ आणि पुढे दर २०० किलोमीटरला आणखी १. टोकियो ते हिरोशिमा हे अंतर ९०० किलोमीटरच्या जरा आत आहे, म्हणून त्या एका तिकिटाला ६ दिवस मिळतात. पहिल्या दिवशी टोकियोहून क्योटोला जा, तीन-चार रात्री राहा, मग हिमेजीला उतरून किल्ला बघा आणि त्याच संध्याकाळी हिरोशिमा गाठा. मूळ भाडं एकदाच, आणि आपल्याकडल्यासारखंच अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. जलद गाडीचं तिकीट तेवढं प्रत्येक टप्प्याचं वेगळं. क्योटो ते हिमेजी हा टप्पा साध्या रुळांवरच्या जलद लोकलने केलात तर तिथे तेही लागत नाही.

हे तिकीट काढायला स्टेशनवरच्या हिरव्या पाटीच्या खिडकीवर, ‘मिदोरी नो मादोगुची’वर जायचं. कागदावर टोकियो, क्योटो, हिमेजी, हिरोशिमा असं लिहून, प्रत्येकापुढे तारीख घालून द्यायचं, भाषेची अडचण येत नाही. मूळ तिकीट टोकियो ते हिरोशिमा असं एकच पाहिजे, हे बोटाने दाखवायचं. फाटकावर दोन्ही तिकिटं एकावर एक ठेवून एकदमच आत सरकवायची. क्योटोला बाहेर पडताना यंत्र जलद गाडीचं तिकीट गिळून टाकतं आणि मूळ तिकीट पलीकडच्या टोकाला वर काढतं. ते उचलायचं! सामानाच्या गडबडीत, मुलांना हाक मारता मारता लोक तसेच पुढे निघतात आणि पुढच्या पाच दिवसांचं तिकीट यंत्रावरच राहतं. लहान स्टेशनवर फाटक नसेल तर कर्मचाऱ्याला ‘तोचू गेशा’ म्हणा, म्हणजे ‘वाटेत उतरतोय’. तो तिकिटावर त्या स्टेशनचा छोटा शिक्का मारून परत देतो. ते शिक्के गोळा करणारे जपानी प्रवासीही आहेत.

जपानमधले दोन-तीन खड्डे मात्र लक्षात ठेवा. मोबाइलवर काढलेल्या शिंकानसेनच्या तिकिटांना ही सोय नाही, ती कागदी तिकिटालाच आहे. सुइकासारख्या, आधी पैसे भरून ठेवायच्या कार्डावर तर प्रत्येक वेळी बाहेर पडलात की तिथपर्यंतचे पैसे कापले जातात आणि हिशेब नव्याने सुरू होतो. आणि टोकियो, ओसाका यांसारख्या महानगरांभोवती ‘उपनगरी क्षेत्र’ आखलेलं आहे. तिकीट संपूर्ण त्याच क्षेत्रातलं असेल तर १०० किलोमीटरच्या वर असूनही मध्ये उतरता येत नाही. टोकियोचं क्षेत्र थेट मात्सुमोतोपर्यंत पसरलंय. शिंजुकू ते मात्सुमोतो २२५ किलोमीटर आहे, तरी ते तिकीट एकाच दिवसाचं आणि वाटेत उतरलात की संपलं. मात्सुमोतोच्या वाटेवर कोफूला उतरायचं असेल तर तिकिटं सुरुवातीलाच दोन काढा.

आता एक उलटा प्रश्न, कारण विमानाच्या अनुभवावरून लोक घाबरतात: पहिला टप्पा सोडला तर पुढची तिकिटं रद्द होतात का? युरोपातल्या आणि जपानमधल्या रेल्वेत स्वतंत्र काढलेली तिकिटं एकमेकांना बांधलेली नसतात. अमेरिकेतल्या ॲमट्रॅकचं तसं नाही. तिथे तुम्ही पहिल्या स्टेशनवर चढलाच नाहीत तर एकाच आरक्षणातले पुढचे टप्पेही रद्द होतात. तिथे आधी उतरण्यापेक्षा उशिरा चढणं धोक्याचं. पुढच्या स्टेशनवरून चढायचं असेल तर गाडी सुटायच्या आधी आरक्षण बदलून घ्या.

सीमा ओलांडणाऱ्या गाड्यांबद्दल थोडंसं. लंडनहून ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या युरोस्टारमध्ये शेंगेन (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांतल्या) प्रवेशाची तपासणी लंडनच्या सेंट पँक्रसला, गाडीत बसायच्या आधीच फ्रेंच अधिकारी करतात. त्यामुळे ब्रसेल्सला उतरलात तर कागदपत्रांची नवी भानगड नाही, भाड्याचा प्रश्न काय तो तिकिटाच्या अटींचा. पण बेलफास्टहून डब्लिनला जाणाऱ्या गाडीत बसताना नीट बघा. न्यूरी हे ब्रिटनच्या हद्दीतलं शेवटचं स्टेशन, पुढचं डंडॉक आयर्लंडमधलं. आयर्लंडला जायचा तुम्हाला हक्क आहे का हे आधी तपासलेलं नसेल तर न्यूरीच्या पुढे जाऊ नका. गाडीत कुणी पासपोर्ट विचारला नाही म्हणून प्रवेश कायदेशीर होत नाही.

शेवटी, ठरवून नव्हे तर नाइलाजाने उतरावं लागतं तेव्हाचं. आजीला चक्कर आली, मुलाला ताप भरला, किंवा गाडीच इतकी रखडली की पुढे जाण्यात अर्थ उरला नाही. अशा वेळी नियमांचा विचार नंतर, माणूस आधी. फक्त एक करा: उतरायच्या आधी गाडीतल्या गार्डला किंवा ट्रेन मॅनेजरला गाठून सांगा आणि जमलं तर तिकिटावर शेरा मारून घ्या. तो भेटला नाही तर उतरल्याबरोबर स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगा. दवाखान्यात गेलात तर तिथला कागद जपून ठेवा. गाडी उशिरा असेल तर हक्क तुमच्या बाजूला असतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार पोहोचायला ६० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर प्रवास सोडून पैसे परत घेता येतात किंवा दुसऱ्या गाडीने जाता येतं. प्रवास पूर्ण केलात तर तासाभराच्या उशिराला भाड्याचे २५ टक्के आणि दोन तासांपुढे ५० टक्के भरपाई मिळते. जर्मनीत मुक्कामी पोहोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर होण्याची चिन्हं दिसली की स्वस्त तिकिटाचं त्या एका गाडीशी असलेलं बंधनही सुटतं आणि दुसरी गाडी पकडता येते. त्यासाठी ॲपमध्ये दिसणाऱ्या उशिराचा फोटो काढून ठेवा, कारण गाडी पोहोचली की तो तपशील थोड्या वेळात निघून जातो आणि पुढच्या गाडीतला तपासनीस नेमका तोच मागतो.